छावणीच्या हौदावर जावई

गाढवांनी टोप्या खाल्ल्या, हे पुण्याच्या ऑफिसला कोणत्या शब्दांत कळवावं, याचा विचार करत मी एक आख्खी दुपार माहेरच्या ओसरीवर बसून काढली होती. टोप्या चांगल्या होत्या. गवताच्या विणलेल्या, कानांसाठी दोन भोकं ठेवलेल्या. बीडच्या उन्हात गाढवांची डोकी तापू नयेत म्हणून कुणीतरी दयाळू माणसानं पाठवलेल्या. गाढवांनी त्या एकमेकांच्या डोक्यावरून ओढून खाल्ल्या. आपल्या डोक्यावरची टोपी आपल्याला खाता येत नाही, शेजारणीची येते, एवढी अक्कल त्यांना होती. ऐन दुष्काळात वाळकं गवत गाढवाच्या डोक्यावर घालू नये, ही अक्कल मात्र आमच्यापैकी कुणालाच नव्हती, आणि त्यात सगळ्यात पुढे मी. एकेक कान हातात धरून मीच त्या टोप्या घातल्या होत्या आणि वर फोटो काढून घेतला होता. त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे आणि गाढव शेजारणीच्या टोपीकडे बघतंय.

ओझं वाहणाऱ्या घोड्या-गाढवांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिच्या बीडच्या शाखेत मी तेव्हा नोकरीला होते. शाखा म्हणजे एक खोली, एक औषधांचं कपाट आणि मी. खांद्याला शबनम, अंगावर खादीची साडी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि तोंडात सतत ‘आपण समजून घेतलं पाहिजे’. माणसाला नीट समजावून सांगितलं की माणूस ऐकतो, असा माझा ठाम विश्वास होता. लग्न होऊन काही वर्षं झाली होती तरी असा विश्वास होता, म्हणजे बघा.

संस्थेनं मला कामासाठी माझंच माहेर दिलं. ‘तुमच्या ओळखी असतील’ म्हणाले. ओळखी होत्याच. ज्यांनी मला नाक पुसत फिरताना बघितलं होतं तेच लोक आता माझं भाषण ऐकायला बसणार होते. कुणी ऐकलं असेल तर शपथ.

त्या साली आमच्याकडे नदीची वाळूसुद्धा वाळून गेली होती. गावाला टँकर यायचा, तो गावाखालच्या जुन्या विहिरीत पाणी ओतून निघून जायचा. विहिरीपासून गावापर्यंत चढ, आणि तो चढ चढायचं काम कुंभारआळीतल्या गाढवांचं. एरवी ती गाढवं माती वाहायची, पण माती कालवायलाच पाणी नाही म्हटल्यावर चाकं कोपऱ्यात गेली आणि गाढवांच्या पाठीवर मातीच्या गोण्यांऐवजी पाण्याचे कॅन आले. सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्यांची वरखाली चालू. मास्तरांच्या घरी, माझ्या आईकडे, चेअरमनच्या वाड्यावर, सगळीकडे तेच पाणी.

आणि त्या गाढवांनी प्यायचं कुठे? तर विहिरीच्या काठावर सांडेल ते. चिखल चाटून चाटून त्यांच्या नाकपुड्या पांढुरक्या झाल्या होत्या. गावाबाहेर माळावर दूध सोसायटीची छावणी होती, तिथे गाई-म्हशी-बैलांना चारा होता, ताडपत्रीची सावली होती आणि मधोमध सिमेंटचा लांबलचक हौद होता, काठोकाठ भरलेला. त्या हौदाकडे गाढव फिरकलं की छावणीतली माणसं दगड घेऊन धावायची.

कुंभारआळीतल्या ज्या मावशीकडे माझं जाणं-येणं होतं, तिची सगळ्यात जुनी गाढवी मला काळजीत टाकत होती. नवरा गेल्यापासून मावशीचं घर त्या गाढवीवर आणि तिच्या लेकींवर चालत होतं. गाढवीच्या पाठीवर कॅनचा पत्रा घासून जखम झाली होती, तळहाताएवढी. त्यात पाणी पोटात नाही. दोनदा ती चढावरच बसली होती. गाढव बसलं की संपतं, असं आळीत म्हणायचे आणि मावशी तिच्याकडे बघायचं टाळायची.

मी मलम दिलं. पुढच्या खेपेला बघते तर जखम तशीच आणि मावशीच्या टाचा मऊ.

“मावशी, मलम कुठाय?”

“लावलं की.”

“कुणाला?”

“मला. लई गुणाचं हाय गं. भेगा कशा मिटल्या बघ.”

“ते गाढवीसाठी होतं!”

“तिला हळद-तेल लावते की मी. तिच्या टाचा कुठं फुटल्यात?”

पाठीवर घालायला संस्थेनं कापसाची जाड गादी दिली होती, तिच्यावर मावशीचा नातू झोपायचा. मी म्हटलं, मावशी, ही गाढवीची गादी आहे. ती म्हणाली, “त्यो बी गाढवच हाय, निजू दे.” मी कपाळाला हात लावला. त्या वर्षी मी कपाळाला इतक्या वेळा हात लावला की कुंकू टिकायचं नाही.

शेवटी कसंबसं एवढं ठरलं की जुन्या गाढवीवर ओझं टाकायचं नाही, गादी परत तिच्या पाठीवर येईल, मलम मी स्वतः लावेन. पण पाण्याचं काय? मावशी म्हणाली, “मलम लावून तहान भागती का बाई? तू ल्येक हायस गावाची, चेअरमन तुजा काका लागतो. त्याला सांग, हौदावर येऊ दे म्हनावं माजी जनावरं. न्हाई तर ही म्हातारी गाढवी काय आखाड बघत न्हाई.”

चेअरमन माझ्या वडलांचे चुलतभाऊ. दूध सोसायटीचे चेअरमन, छावणीचे प्रमुख आणि बोलण्यात असे की समोरच्याला आपण हरलो हे घरी गेल्यावर कळावं. मी त्यांच्यापुढे उभं राहून जनावरांच्या हक्कांवर बोलले. पाठ करून गेले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि विचारलं,

“दूध देतंय का?”

“नाही, काका.”

“नांगराला जुपतंय का?”

“नाही.”

“मग सोसायटीच्या हौदावर कावून यावं त्यानं?”

“पण तहान तर लागते ना!”

“तहान मलाबी लागती. मी पितो का हौदावर?” मग जरा समजावणीच्या सुरात, “पोरी, छावणी हाय ती गाई-म्हशी-बैलांची. तपासनीला सायेब येतो. त्याला हौदावर गाढवं दिसली की त्यो इचारनार, चेअरमन, ही कोन? मी काय सांगू? संचालक मंडळ हाय म्हनू?”

भोवतीचे संचालक पोट धरून हसले. एकानं तर मला टाळी द्यायला हात पुढे केला. आणि मी, तेव्हाची ती चष्मेवाली विदुषी, मी काय केलं? ‘आपण समजून घेतलं पाहिजे’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्यांचं एक म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गाढवाचं उष्टं पाणी बैलाला पाजायला शेतकरी तयार नव्हते. मी म्हटलं, बैलांचं झाल्यावर शेवटी पिऊ द्या. हौदाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचा खड्डा आहे, त्यात सोडा. काका म्हणाले, “बघू.”

सहकारातला ‘बघू’ ज्यांनी ऐकला नाही त्यांना त्याचा अर्थ कळायचा नाही. ‘नाही’ म्हटलं तर माणूस भांडतो. ‘बघू’ म्हटलं की घरी जातो. मी घरी गेले. मी आनंदात गेले, हे सांगायलाही लाज वाटते. मावशीला म्हटलं, काका विचार करतायत. मावशी म्हणाली, “काय म्हनला त्यो?”

“बघू म्हणाले.”

“मंग मेली गं माजी गाढवं,” म्हणून ती भाकरी थापायला बसली.

अशात धुळवड आली.

आमच्या गावची रीत बाहेरच्यांना सांगितली तर खोटं वाटतं. धुळवडीला गावातल्या एका जावयाला धरतात, गाढवावर बसवतात, गाढवाच्या गळ्यात खेटरांची माळ घालतात आणि हलगी वाजवत गावभर मिरवतात. मारुतीच्या पारापाशी गाढव थांबतं, जावयाला उतरवतात, नवा पोशाख देतात आणि त्याला काय हवं ते विचारतात. जावयानं मागावं आणि झेपेल ते गावानं द्यावं. एकदा बसलेला जावई पुन्हा बसवत नाहीत, त्यामुळे दर साली नवा लागतो. जावई लोक शिमग्याच्या आधीच गायब होतात आणि गावची पोरं त्यांच्या मागावर. कितीही दुष्काळ असो, ही रीत चुकली असं जुन्या माणसांना आठवत नव्हतं.

त्या साली मात्र चुकायची वेळ आली. गावाचे निम्मे जावई ऊसतोडीला गेलेले, अजून परतले नव्हते. उरलेले दुष्काळाचं निमित्त सांगून आलेच नाहीत. आणि मावशीनं जाहीर करून टाकलं की तिचं गाढव मिळणार नाही. “तहानेल्या जनावरावर कुनाचा जावई बसवायचा न्हाई,” असं ती चावडीसमोर म्हणाली आणि आळीतल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

चेअरमन काका माझ्याकडे आले. स्वतः आले! ओसरीवर टेकले, आईच्या हातचा चहा घेतला.

“ती कुंभारीन तुजं ऐकती.”

“माझं? माझं मलम टाचांना लावते ती.”

“सांग तिला. गावाची रीत हाय. माज्या काळात मोडली असं नको व्हायला.”

“हौदावर पाणी द्या, सांगते.”

“आदी जावई तरी घावू दे. जावईच न्हाई तर गाढव काय पारावर बांधू?”

“जावई मिळाला तर?”

काका उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “बघू.”

आता सांगते ते ऐकून माझी नात अजून तोंडात बोटं घालते. जावई कुठे होता हे मला ठाऊक होतं. तो आष्टीच्या हायस्कुलात गणित शिकवत होता आणि होळीच्या दिवशी माझ्या आईच्या हातची पुरणपोळी खायला येणार होता. आमचे हे दर साली हाच हिशेब करायचे: होळीला संध्याकाळी यायचं, पोळी खायची, धुळवडीला पहाटेच्या पहिल्या येस्टीनं पसार व्हायचं. इतकी वर्षं गणित बरोबर आलं होतं.

मी पोरांना काही सांगितलं नाही. आजही सांगते, एक शब्द बोलले नाही. मी फक्त ह्यांची पॅन्ट भिजत घातली.

ह्यांनी येताना एकच आणली होती. रात्री लुंगी लावून झोपले. पहाटे उठून बघतात तर पॅन्ट बादलीत.

“हे काय?”

“मळली होती.”

“दुष्काळात? अर्धी बादली पाणी?” हे किंचाळले. हे ओरडलेलं आईलाही ऐकू गेलं आणि तिनं आतून माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. साबण मी लावला नव्हता, ते पाणी पुढे मावशीच्या गाढवीला पाजायचं म्हणून जपून ठेवलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. लुंगीवर येस्टीत बसायला ह्यांचा स्वाभिमान तयार होईना, ओली पॅन्ट घालायला कंबर तयार होईना. तेवढ्यात दारात हलगी वाजली.

“दाजी, या बाहीर!”

“मी मास्तर आहे!” हे माळवदावर चढले आणि तिथून ओरडले.

“मास्तर असा न्हाई तर कलेक्टर, जावाई हाव न्हवं?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघितलं. ती नजर पुढे बरीच वर्षं आमच्या घरात मुक्कामाला होती. एका ‘बघू’च्या बदल्यात मी नवरा दिला होता, आणि तो ‘बघू’सुद्धा पक्का नव्हता. असली व्यवहारी मी.

मावशीला मी सांगायला गेले तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुजा स्वताचा दिलास?”

“हो.”

“मंग माजी एक गाढवी नेऊ दे. पन म्हातारी न्हाई. तिची ल्येक न्या, ती दांडगी हाय. आन् ह्यो तुजा काटकुळाच हाय, दोन कॅनाएवडा बी न्हाई भरायचा.” हे खरंच तेव्हा काडीपैलवान होते. गाढवीचा विचार करून मला तेवढाच धीर आला. संस्थेच्या नियमात मोठ्या माणसाला गाढवावर बसवायला मनाई होती, ते मी मनातल्या मनात घडी घालून शबनममध्ये ठेवलं.

धुळवडीला टँकर आला नाही. ड्रायव्हर कुठेतरी रंग खेळत असणार. म्हणजे सकाळपासून गाढवांना विहिरीवरचा चिखलही मिळाला नव्हता. अर्धी बादली म्हातारीला पाजली, तिचे ओठ ओले होण्यापुरतं झालं. लेक तशीच.

मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे पोरं, मधे गाढवीवर लुंगी सावरत बसलेले आमचे हे. तोंड निळं, कान हिरवे. पाणी नव्हतं म्हणून सगळा रंग कोरडाच उधळला, त्यानं हे शिंकत होते. गाढवीच्या मागे तिची म्हातारी आई चालली होती. पायाची दोरी सोडलेली असली की ती लेकीमागे कुठेही जायची. तिच्या पाठीवर संस्थेची गादी होती, जखमेला वारा लागावा म्हणून मधे भोक पाडलेली. मी बाजूने चालत ह्यांना धीर देत होते.

“पडेन मी.”

“नाही पडत.”

“हिला लगाम नाहीये!”

“गाढवाला लगाम नसतोच.”

“मग थांबवतात कसं?”

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

मारुतीचा पार आला. हलगी थांबली, लोक थांबले, पोशाखाचं ताट घेऊन चेअरमन काका पुढे झाले. गाढवी थांबली नाही. माळावरून वारा येत होता आणि त्या वाऱ्याला काय वास होता ते आम्हां माणसांना कळलं नाही, तिला कळलं. तिनं मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या आणि पाराला वळसा घालून तिनं थेट माळाची वाट धरली. खेटरांची माळ उडतेय, वर हे दोन्ही हातांनी तिची मान कवटाळून बसलेत, मागे म्हातारी लंगडत पळतेय, तिच्यामागे ताट घेतलेले चेअरमन आणि त्यांच्यामागे आख्खं गाव. हलगीवाल्याला वाटलं मिरवणूक पुढे चाललीय, त्यानं आणखी जोरात वाजवायला घेतलं.

छावणीतली माणसं सवयीनं दगड उचलून धावली आणि तशीच उभी राहिली. गाढवाला मारायचं तर वर गावाचा जावई. गाढवीनं हौदात तोंड घातलं. पुढे झुकल्यामुळे हे तिच्या मानेवर आले, लुंगीचं टोक हौदात. म्हातारीनं शेजारून मान घातली. बैल जरा सरकले आणि पुन्हा पिऊ लागले. त्यांचं कुणी मत विचारलंच नव्हतं तोवर.

“ओढ बे तिला मागं!” काका पोरांवर ओरडले. “हौद बाटवला पार!”

एकानं शेपूट धरून ओढली. गाढवी हलली, आमचे हे तिरपे झाले. खाली छावणीचा शेणाचा चिखल. तेव्हा ह्यांनी जन्मात काढला नसेल असा आवाज काढला:

“हात लावू नका! पिऊ द्या तिला! पोटभर पिऊ द्या, तोवर मी उतरणार नाही!”

हलगी थांबली. सगळे काकांकडे बघू लागले. पारावरचा एक म्हातारा धापा टाकत येऊन पोचला होता, तो म्हणाला, “चेअरमन, जावायानं मागितलं की हो.”

“काय मागितलं?”

“गाढवाला पानी. आता न्हाई कसं म्हनता? पोशाख हातात हाय तुमच्या.”

काकांनी ताटाकडे बघितलं, हौदाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होते. खरं सांगते, माझं यात काही नव्हतं. मला फक्त एवढंच सुचलं की आता ‘बघू’ म्हणायच्या आधी बोलावं.

“काका, रोज, बैलांचं झाल्यावर. खालच्या खड्ड्यात. छावणी उठेपर्यंत.”

“रोज म्हनला का त्यो?”

“पोटभर म्हणाले. एका दिवसात कुणाचं पोट भरतं?”

“लई शिकलीस गं,” काका दात खात म्हणाले, आणि आख्ख्या गावासमोर ‘बरं’ म्हणाले. ‘बघू’ नाही, ‘बरं’.

ह्यांना खाली उतरवलं, पोशाख दिला. पुढे पन्नास वर्षं हे प्रत्येक पाहुण्याला सांगत राहिले की आपण प्राणिमात्रांसाठी कसे सत्याग्रहाला बसलो होतो. पडायची भीती वाटत होती हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मीही पॅन्टीचा विषय काढला नाही. संसार असाच होतो. पुण्याच्या ऑफिसला मी मोठ्या उत्साहानं सगळं कळवलं, फोटोसह. उलट टपाली उत्तर आलं: प्रौढ व्यक्तीला गाढवावर बसवणं संस्थेच्या धोरणात बसत नाही, तरी खुलासा करावा, आणि टोप्यांचा अनुभव कसा आहे? मी कपाळाला हात लावला.

तपासणीचा साहेब आला त्या दिवशी काकांनी त्याला सांगितलं, ही छावणीला पाणी वाहणारी गाढवं. साहेबानं ‘हो का’ म्हटलं आणि सावलीला जाऊन बसला. इतके दिवस ज्याच्या नावानं भीती घातली तो हा.

त्या दिवसांत मी संध्याकाळी माळावर जायची. बैल दावणीला गेले की मावशी आपली जनावरं खालच्या खड्ड्यावर सोडायची. म्हातारीची जखम खपली धरू लागली होती, मलमानं की हळद-तेलानं यावर आमचं रोज भांडण. ती आता चढावर बसत नव्हती. पण पाण्यावरून हलायचं नाव काढायची नाही. प्यायची, मान वर करायची, इकडे तिकडे बघायची, पुन्हा प्यायची. अंधार पडायला लागायचा, मावशीला घरी भाकरी टाकायची असायची, आणि ती काठी आपटत, वैतागून ओरडायची,

“आगं चल की आता, भवाने! किती पिशील? उद्याबी हाय पानी, उद्याबी हाय!”